नऊ नंबरवरचा पंखा

लोक विचारतात, तू करतेस काय? आता काय सांगणार, कपाळ! दुसऱ्यांच्या भिंतीआडची बटणं दाबते, इथे बसून. एकदा भावाला म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकते. त्याला ते लगेच पटलं, आणि पटलं म्हणूनच मला त्याचा राग आला.

काम खरं तर सोपं आहे. सुरतेच्या आजूबाजूला, पलसाण्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांत, इच्छापोरच्या कारखान्यांत, चलथाणकडच्या गोदामांत आमच्या कंपनीची लोखंडी कपाटं उभी आहेत. त्यांना रॅक म्हणतात. कपाटात इंटरनेटची यंत्रं, कॅमेऱ्यांची यंत्रं, सगळं एकावर एक स्क्रूने आवळलेलं. ही यंत्रं मधूनच बावचळतात. दिवे लुकलुकतात, पण काम काही करत नाहीत, सासरी नव्या आलेल्या सुनेसारखी नुसती उभी. मग उपाय एकच, वीज काढायची आणि परत द्यायची. एवढ्यासाठी कंपनीने मला इंजिनिअर म्हणून ठेवलंय.

आमचं ऑफिस उधन्याला, साड्यांच्या पॅकिंगच्या दुकानावर. आधी माणसं होती. मग एकेकाने घरून काम करायला सुरुवात केली आणि खुर्च्या तशाच राहिल्या. साहेब मला म्हणाले, तमे पण घरेथी करो ने, बेन. मी नाही म्हटलं. घरी एकटी, ऑफिसातही एकटी; निदान ऑफिसात एसी फुकट आहे. आणि खरं सांगायचं तर डिंडोलीच्या खोलीत दिवसभर भिंती बघत बसायची मला भीती वाटत होती.

आबांची आणि माझी ओळख फोनवरचीच. पलसाण्याच्या एका मिलमध्ये ते चौकीदार होते. आमचं कपाट तिथे बॉयलरच्या मागच्या बाजूला, पत्र्याचं पार्टिशन घालून केलेल्या एका थंड खोलीत होतं, आणि त्या खोलीची आणि कपाटाची किल्ली आबांच्या कमरेला. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी कडक हिंदीत बोलत होते, चाचाजी, पीछे काला तार है, उसको निकालो. पलीकडून आवाज आला, "तू आपलाकडनी शे का माय?"

काय सांगू. शिरपूर सोडल्यापासून मला कुणी माय म्हटलं नव्हतं. माझ्या हिंदीतही त्यांना खानदेश ऐकू आला म्हणजे माझी हिंदी किती धड असेल ते बघा.

तेव्हापासून त्या मिलचं कपाट बिघडलं की मला बरं वाटायचं. हो, वाटायचं! बाकीच्या ठिकाणी फोन लावले की कुणी उचलायचं नाही, उचललं तर 'शेठ जमवा गया छे', म्हणजे जेवायला गेलेत, नाहीतर चुकीची वायर ओढून ठेवायचे आणि वर मलाच ओरडायचे. आबा पहिल्या घंटीला उचलायचे. "तुनं कपाट परत रुसनं का?" मग चपलांचा आवाज, किल्लीचा आवाज, दार. "काढं. आते लावस." मी म्हणायची, थांबा आबा, जरा श्वास घेऊ द्या त्याला. त्या थांबण्यात त्यांचा ठरलेला प्रश्न, "जेवनी का?" यंत्र पुरतं चालू व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात आमचं बोलणं व्हायचं. त्यांची सून, पुतण्याचं सुरतेतलं, लिंबायतचं घर, गावाकडचा मुलगा सारखा बोलावतो ते, मिलच्या भट्टीसारख्या उन्हाळ्यात खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसावं लागतं ते. "दिवा लागना, हिरवा," म्हणाले की संपलं. ठेवते आबा. ठेव माय.

माझ्याकडे त्यांचा नंबर होता. त्यांच्याकडे माझा नव्हता, फक्त ऑफिसचा. खासगी नंबर साइटवर द्यायचा नाही असा कंपनीचा नियम, आणि मी नियमाची बाई. आता त्या नियमाला काय म्हणावं ते माझ्या तोंडून न आलेलं बरं.

एका श्रावणात, कानबाई होऊन गेल्यावर, त्यांनी सहज विचारलं, "रोट खादा का माय?"

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. सुरतेतही बसते, सोमवारी ढोल लावून तापीवर नेतात. तिच्या प्रसादाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घ्यायचं, त्याचं पीठ, त्याचे रोट. बायका नवऱ्याच्या मुठीत आल्या. हे रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, राखीच्या पुनवेआत संपवायचे, परक्याच्या तोंडी पडू द्यायचे नाहीत. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं घर बदललं. मग तिने सासरचा रोट खायचा.

माझं सासर कोर्टात संपलं. त्यानंतरच्या कानबाईला मी हौसेने शिरपूरला गेले होते. पंगतीत भावाशेजारी बसले. वहिनी आली, माझ्यापुढे वरणभाताचं वेगळं ताट ठेवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका हं. बाहेरच्याला देत नाहीत. घरचं आहे ना." भाऊ खाली मान घालून जेवत राहिला. मीही जेवले. भात बरा होता. पण त्या दिवशी मला कळलं की मी आता कुणाच्याच मुठीत नाही, आणि सुरतेला परत येताना गाडीत मी रडले ती पार नवापूरपर्यंत.

हे सगळं मी आबांना त्या फोनवर सांगून टाकलं. का सांगितलं, देव जाणे. भावाची बाजू घेतील, रीतच तशी आहे म्हणतील, असं वाटलं होतं, कारण आबा रीतीला फार कडक. ते एवढंच म्हणाले, "तुनं यंत्र चालू व्हयनं, देखी ले."

मग त्या पट्ट्या आल्या.

पट्टी म्हणजे कपाटाच्या मागे उभी बसणारी सॉकेटांची लांब पट्टी. दिसायला घरच्या एक्स्टेंशन बोर्डाची थोरली बहीण, पण शहाणी. प्रत्येक सॉकेट इथून, माझ्या खुर्चीतून बंद-चालू करता येतं. कोणत्या सॉकेटवर किती वीज जातेय ते पडद्यावर दिसतं. वीज गेली आणि आली की सगळी यंत्रं एकदम उठत नाहीत, मी लावून दिलेल्या ओळीने एकामागून एक उठतात. पासवर्डाशिवाय कुणी हात लावू शकत नाही. यांच्यासाठी साहेबांच्या मागे मीच लागले होते; इच्छापोरच्या एका चौकीदाराने माझं डोकं इतकं फिरवलं होतं की बस. पट्ट्या बसल्या, चालल्या, साहेब खूश. मला शाबासकीचा मेल आला. आणि पलसाण्याला फोन करायचं माझं कारण संपलं.

हे आधी का नाही सुचलं? नाही सुचलं. हुशार ना मी.

कारणाशिवाय फोन करायचा तर काय म्हणून करायचा? आमच्यात माणसं कामाला फोन करतात आणि मग कामाच्या आडून बोलतात. नुसतं 'कसे आहात' विचारायला फोन केला तर समोरचा घाबरतो, कोण गेलं म्हणून. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. तिकडून त्यांचा येईल म्हणावं तर ऑफिसच्या नंबरवर आता यंत्र बसवलं होतं. गुजरातीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. अहिराणीसाठी काही नव्हतं.

पण नऊ नंबर होता.

त्या मिलच्या पट्टीवर नऊ नंबरचं सॉकेट रिकामं होतं. मी त्याच्यापुढे 'राखीव' लिहून ठेवलं होतं. एके सकाळी बघते तर नऊ नंबरवर वीज जातेय. यंत्राची नव्हती ती. यंत्र ओढतं ते एका चालीने. ही सुरू होताना जरा जास्त, मग कमी. पंखा! दाराशी बसायचा टेबल पंखा. आबांनी किल्लीने कपाट उघडून आपला पंखा माझ्या पट्टीला लावला होता. मी एकटीच खुर्चीत मोठ्याने हसले.

नियमाने तो बंद करायला हवा होता. कपाटातल्या विजेवर यंत्रांशिवाय काही चालवायचं नाही. जुना पंखा अडकला, तापला, तर सगळी ओळ घेऊन बसेल. मला माहीत आहे ना ते, मीच तर ते नियम चिकटवलेत. मी नाही बंद केला. सकाळी पाळी सुरू झाली की नऊ नंबर जागा व्हायचा, मी म्हणायची, आले आबा. दुपारी मध्येच शांत व्हायचा, म्हणजे डबा खायला गेले. मीही तेव्हाच डबा उघडायची. संध्याकाळी बंद झाला की मी पण आवरायला घ्यायची. कुणी बघितलं असतं तर म्हणाले असते, पोरगी वेडी झाली, आकड्याबरोबर जेवते. म्हणू देत. दुसरं कोण होतं जेवायला?

यंदाच्या कानबाईला मी शिरपूरला गेले नाही. खिडकीतून खालची मिरवणूक बघितली. नऊ नंबर रविवारी बंद, सोमवारीही बंद. सण आहे, आबा लिंबायतला पुतण्याकडे असतील. मंगळवारी सकाळी पंखा सुरू झाला तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हटलं चला, आले.

त्याच आठवड्यात हेड ऑफिसचा सिक्युरिटीवाला साहेब व्हिडिओवर एकेक पट्टी तपासायला बसला. पलसाण्याशी आला आणि थांबला.

"नऊ नंबरवर काय आहे?"

"पंखा आहे, सर."

"कुणाचा?"

"चौकीदाराचा. म्हातारा माणूस आहे, सर. पंखाच आहे."

"पंखाच आहे म्हणून तर विचारतोय. बंद करून लॉक करा. आणि बाहेरच्या माणसाकडे कपाटाची किल्ली कशी?"

मी म्हटलं, मी स्वतः जाऊन करते. तो हसला. म्हणाला, जायला लागू नये म्हणूनच तर ती पट्टी बसवलीय, मॅडम. बरोबरच होतं त्याचं. नुसतं एक बटण. इथून दाबलं की तिथे, घामाने भिजलेल्या त्या माणसाच्या तोंडावरचा वारा बंद, आणि त्याला कळणारही नाही कुणी केलं. मला ते जमेना. इतक्या लांबून मी कितीतरी गोष्टी बंद केल्यात, पण ही नाही. आबांना समोर बसून सांगायचं, दुसऱ्या भिंतीवरून पंख्याला वायर ओढून द्यायची, आणि माझा नंबर द्यायचा, खासगी. नियम गेला खड्ड्यात. हे मी एकदा मनाशी ठरवलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी बाजारातून पेढे घेतले.

राखीच्या आदल्या दिवशी गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राख्यांच्या हातगाड्या, माणसांची ही गर्दी. पलसाण्याला उतरले तर नेहमीचा तो रंगाचा आणि वाफेचा वास, नाकाला झोंबणारा. गेटवर नाव लिहिलं, ओळखपत्र दाखवलं, बॉयलरच्या मागे गेले. पत्र्याची खोली दिसली. दाराशी खुर्ची, खुर्चीसमोर स्टुलावर टेबल पंखा गरगरतोय, जाळीला लाल दोरा बांधलेला. हाच तो. मला तर त्या पंख्यालाच नमस्कार करावासा वाटला.

खुर्चीत एक जवान माणूस बसला होता, मिशीवाला, यूपीकडचा.

मला वाटलं, आबा चहाला गेले असतील. विचारलं, चाचा कहाँ हैं? तो म्हणाला, कौन चाचा? मग ओळखपत्राकडे बघितलं आणि उठून उभाच राहिला. "आप बटनवाली दीदी हैं?"

आबा गेले होते. गावाला, कायमचे. कानबाईनंतर ते परत कामावर आलेच नव्हते. सोमवारी संध्याकाळी तेवढे येऊन याला किल्ली आणि पंखा देऊन गेले. मंगळवारपासून हा बसतोय.

म्हणजे मंगळवारी जो पंखा सुरू झाला, ज्याच्याबरोबर मी आठवडाभर डबा खाल्ला, तो हा होता.

मी तिथल्या तिथे फोन काढला. नंबर लावला. घंटी वाजली, आणि त्या माणसाच्या खिशात वाजली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्याने ओशाळून फोन बाहेर काढला, बंद केला. "ये तो मिल का है दीदी. जो बैठता है, उसी के पास रहता है." त्यांचा स्वतःचा नंबर? त्याला माहीत नव्हता. गाव? खानदेश में कहीं. लिंबायतला पुतण्याचं घर कुठे? त्याने नकारार्थी मान हलवली.

"गए क्यों?" मी विचारलं. मला ते ऐकायचं नव्हतं, तरी विचारलं.

"बेटा तो कब से बुला रहा था. चाचा बोलते थे, वो लड़की को बटन के लिए मेरी ज़रूरत है, मैं कैसे जाऊँ. फिर ये पट्टी लगी. बोले, अब वो दूर से ही दबा लेती है, अब मैं जा सकता हूँ." आणि म्हणाला, "आपके ऑफिस में फोन भी किया था उन्होंने. कोई मशीन बोलती रही."

मी आत गेले. खोली गार होती. कपाटाच्या मागे माझी पट्टी, एकेक हिरवा ठिपका, सगळं कसं नीट, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मला ती उचकटून फेकावीशी वाटली. मग मी काम केलं, दुसरं काय करणार! मिलच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीवरच्या बोर्डावरून पंख्याला वायर ओढून घेतली, कपाटाची किल्ली सही करून ताब्यात घेतली, आणि फोनवरून नऊ नंबर बंद करून लॉक केला. पडद्यावर तिथे शून्य आलं.

निघताना तो माणूस म्हणाला, "रुकिए दीदी, आपका सामान है." खोलीतल्या एसीखालच्या फळीवरून त्याने एक पुडकं काढलं. स्वच्छ पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, घट्ट गाठ मारून. "चाचा रख गए थे. बोले, मशीन बिगड़ेगा तो आएगी, तब देना. मैंने पूछा, और नहीं बिगड़ा तो? बोले, पूनम तक देखना, नहीं आई तो खाड़ी के पानी में छोड़ देना, किसी और को मत देना. मैं कल ले ही जानेवाला था. और एक बात बोले थे, याद करवाई थी मुझसे तीन बार, समझ में तो मुझे आई नहीं." तो आठवत आठवत, शाळेतल्या पोरासारखा उभा राहून म्हणाला,

"तुना नावनी मूठ टाकेल शे."

गाठ सोडली. रोट होते.

रीतीला कडक माणूस तो. परक्या कुळाची, नवरा सोडलेली पोरगी, कधी तोंड न पाहिलेली. तिच्या नावाने त्याने सव्वा मूठ घेतली, पुतण्याच्या घरी, सगळ्या भाऊबंदांसमोर. काय काय ऐकून घेतलं असेल. आणि मी आठवडाभर पंख्याकडे बघत बसले होते.

मी त्या खुर्चीत बसले, आबांच्या. रोट वाळून कडक झाला होता, तोडायला दोन्ही हात लागले. खाताना मी रडत होते आणि पंख्याचा वारा तोंडावर येत होता. तो माणूस बिचारा उभा, कुठे बघावं त्याला कळेना. पाणी आणून दिलं. मग वातावरण जरा सैल करावं म्हणून, चांगल्या मनाने, हात पुढे करून म्हणाला, "इतना अच्छा है क्या दीदी? थोड़ा हमको भी चखाइए."

मी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि त्याच्या हातात दिला, अख्खा. फडकं मात्र दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतलं.

"बुरा मत मानना भैया," मी म्हणाले, "ये बाहरवालों को नहीं देते. घर का है."